रोजच्या फोटोंसाठी एकच १८-२०० लेन्स पुरते का? माझं मत: पुरते

घाटमाथा:
गेली सहा वर्षं माझ्या क्रॉप सेन्सर (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर १८-२०० एमएमची झूम आहे, १८ वर रुंद दृश्य आणि २०० वर लांबचं जवळ; दुसरी लेन्स चढत नाही. त्याआधी किटमधली १८-५५, वेगळी घेतलेली ५५-२०० आणि ५० एमएम एफ १.८ अशी तीन लेन्सची पिशवी होती. परवा आमच्या फोटोवाल्या मित्रांत एकजण म्हणाला, "असली लेन्स म्हणजे एक ना धड, भाराभर चिंध्या." मला ते पटत नाही, म्हणून हा धागा.

जेजुरीला सोमवतीला गेलो होतो. पालखी कऱ्हेकडे निघाली, पायऱ्यांवर माणूस हलू शकत नव्हता आणि वरून भंडाऱ्याचा नुसता पाऊस. १८ वर अख्खी पायऱ्यांची उतरंड घेतली. तेवढ्यात चार-पाच पायऱ्या खाली एक आजोबा दिसले, कपाळाच्या प्रत्येक सुरकुतीत भंडारा भरलेला आणि डोळे मिटलेले. जागचा न हलता २०० वर गेलो, दोन फोटो मिळाले, मग आजोबा गर्दीत गेले. शेजारी उभ्या असलेल्या मित्राने तिथंच लेन्स बदलली. पुढचा आठवडाभर त्याच्या प्रत्येक फोटोत आकाशावर तेच ठिपके येत होते. शेवटी सेन्सर साफ करून घ्यावा लागला.

१.५ क्रॉपवर १८-२०० म्हणजे फुल फ्रेमच्या हिशेबात २७ ते ३००. देऊळ, घाट, माणसं, बाजार, सगळं त्यात बसतं. रोजच्यासाठी आणखी काय लागतं?

पस्तीसवाली:
घाटमाथा, जेजुरीचं वर्णन वाचून फोटो बघावासा वाटला. पण जेजुरी वर्षातून एकदा, रोजचं म्हणजे घर. आमच्या स्वयंपाकघरात एक ट्यूबलाइट आणि उत्तरेची खिडकी आहे. आई मोदकाला कळ्या पाडते तेव्हा तिची बोटं एवढी भरभर चालतात की १/६० सेकंदाच्या शटरला हमखास हलतात, १/२५० तरी हवा. तुमची झूम ५० एमएमला एफ ५च्या आसपास असते (एफचा आकडा लहान तेवढं लेन्सचं तोंड मोठं). एफ १.८ ची लेन्स त्याच्या साधारण आठपट प्रकाश आत घेते. म्हणजे मी आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) ८०० वर जो फोटो काढते तो तुम्हाला ६४०० वर काढावा लागेल. तिथं उकडीवरची ती ओलसर चमक जाते आणि नुसते दाणे उरतात.

कुणीतरी म्हणेलच की लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन आहे. ते आपला हात सावरतं, आईचा नाही.

रानपाखरू:
माझा आक्षेप दुसऱ्या टोकाकडून. भिगवणला उजनीच्या पाण्यात रोहित पक्षी बघायला २०० अगदीच तोकडी. कासच्या फुलांसाठी जवळ जावं तर तिथंही अडचण, कारण अशा बऱ्याच झूम जवळच्या वस्तूवर फोकस करताना आतल्या आत आखूड होतात. नळीवर २०० लिहिलेलं असतं, पण फ्रेममध्ये तेवढं मोठं येत नाही. शिवाय माझ्याकडची खाली धरली की आपोआप लांब घसरायची आणि लॉक फक्त १८ वर लागायचा. मी विकली.

जुना_रोलवाला:
या लेन्सची बदनामी फिल्मच्या काळातली आहे. टॅमरॉनची २८-२०० आली १९९२ मध्ये. तेव्हा १०० आयएसओचा रोल, छत्तीस फोटो, आणि २०० वर एफ ५.६. संध्याकाळी पाचनंतर ती लेन्स पिशवीत जायची. २८ च्या रुंद टोकाला दीपमाळ बाहेर फुगायची, झूम वाढवली की उलट आत दबायची, आणि ते सरळ करायला काहीच साधन नव्हतं. आज तो बाक कॅमेराच काढतो, आणि आयएसओ ३२०० चा फोटो मी निर्धास्त छापून घेतो. २०२० मध्ये त्याच कंपनीची मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांसाठी २८-२०० आली, एफ २.८ ते ५.६, वजन ५७५ ग्रॅम. तीस वर्षांपूर्वीच्या लेन्सवरून आजच्या लेन्सला नावं ठेवू नयेत.

घाटमाथा:
रोलवाले काका, हेच मला नीट मांडता आलं नव्हतं. रानपाखरू, पक्ष्यांचं मान्य, त्याला ४००-६०० च हवी. पस्तीसवाली ताई, मोदकाचं उदाहरण मात्र लागलं. माझ्याकडचे घरातले फोटो आत्ता उघडून बघितले, बहुतेक सगळे दिवसा अंगणातले आहेत. संध्याकाळी आरतीचे जवळजवळ नाहीतच.

पस्तीसवाली:
अजून एक सांगते, हे प्रकाशापेक्षा मोठं आहे. वारीत मी दिवे घाटाखाली ३५ घेऊन चालले होते. तुळस डोक्यावर घेतलेल्या एका बाईंचा फोटो हवा होता. ३५ ने चेहरा भरायचा तर दोन हातांवर जावं लागतं. गेले, "माऊली" म्हटलं, त्यांनी वळून वृंदावन सावरलं आणि हसल्या. फोटोत त्या माझ्याकडे बघताहेत. २०० वर त्या समोरच बघत चालल्या असत्या आणि मी त्यांच्या कोणीच नसते.

घाटमाथा:
माऊली म्हणून पुढं व्हायला माझी लेन्स अडवत नाही, तीही ३५ वर येतेच. पण हे खरं की हाताशी २०० असली की मी पुढं होत नाही, उभ्या जागेवरून ओढून घेतो. जेजुरीत इलाज नव्हता. एरवी असतो.

एकच लेन्स ठेवायची तर मी अजूनही हीच ठेवीन, प्रवासात तर नक्की. पण आज कपाटातून ती जुनी ५० काढली. तीन पावसाळे तशीच पडून होती. उजेडात धरली तर पुढच्या काचेमागे कडेला पांढऱ्या तंतूंचं जाळं दिसतंय. बुरशीच ना ही?

जुना_रोलवाला:
बुरशीच. आज बाकीच्या लेन्सपासून वेगळी ठेवा, सिलिका जेल घालून हवाबंद डब्यात. स्वतः खोलू नका, लेन्स उघडून साफ करणाऱ्याकडेच द्या. कडेलाच असेल आणि काचेचं कोटिंग खाल्लं नसेल तर निघते. गणपतीच्या आत करून घ्या.