गावात वृद्धाश्रम बांधावा की घरपोच शुश्रूषेची सोय करावी?

प्रश्न (ग्रामस्थ मंडळाचा कार्यकर्ता, मुंबई):
आमचे गाव राजापूर तालुक्यात आहे. २००१ ते २०११ या दशकात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. आमच्या वाडीत घरोघरी सत्तरी ओलांडलेली आई किंवा वडील एकटे राहतात आणि मुले मुंबई-ठाण्याला असतात. मंडळाकडे जमलेल्या देणग्यांतून वृद्धाश्रम बांधावा, असा प्रस्ताव आहे. परंतु ज्यांचे सारे आयुष्य स्वतःच्या घरात आणि कलमांच्या बागेत गेले, ते तेथे येतील का, आणि आश्रम चालवायला प्रशिक्षित माणसे कोठून आणावीत, ही माझी शंका आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर (निवृत्त परिचारिका, चिपळूण):
आपली शंका रास्त आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. ते झाले नाही तर माकडहाडावर आणि टाचांवर जखमा होतात आणि त्या बऱ्या होण्यास कित्येक महिने लागतात. हे काम भिंती करत नाहीत. गावातल्याच स्त्रियांना नीट शिकवले, तर आंघोळ घालणे, नळीने अन्न भरवणे, औषधांच्या वेळा पाळणे ही कामे त्या उत्तम करतात, हे मी पाहिले आहे. मात्र त्या टिकत नाहीत, कारण कुटुंबे या कामाला धुण्याभांड्यांइतकेच पैसे देऊ पाहतात आणि रात्रपाळीचे वेगळे पैसे देण्याची तर कोणाची तयारीच नसते. मंडळाने आपला निधी या स्त्रियांच्या प्रशिक्षणावर आणि नियमित पगारावर खर्च करावा, असे माझे ठाम मत आहे.

उत्तर (वैद्यकीय अधिकारी):
आधी सरकारी व्यवस्थेत काय आहे, ते पाहावे. वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ पासून सुरू आहे. त्यानुसार प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एकदा वृद्धांसाठी बाह्यरुग्ण विभाग, जिल्हा रुग्णालयात दहा खाटांचा कक्ष आणि अंथरुणावरील रुग्णांना आरोग्य कर्मचाऱ्यांच्या गृहभेटी अपेक्षित आहेत. अंमलबजावणी सर्वत्र सारखी नाही. म्हणून ग्रामसभेत ठराव करून अशा रुग्णांची यादी आरोग्य केंद्राला लेखी द्यावी. सत्तरीपुढील सर्वांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात, परंतु ते रुग्णालयात दाखल झाल्यावरच. घरी ठेवलेल्या काळजीवाहक बाईचा पगार किंवा डायपरचा खर्च त्यात बसत नाही, आणि मंडळाची खरी गरज तेथेच आहे.

उत्तर (केरळमध्ये काही वर्षे राहिलेली सदस्या):
मलप्पुरम आणि आसपासच्या जिल्ह्यांत प्रशिक्षित स्वयंसेवक आणि परिचारिका मिळून घरोघरी जाऊन दुर्धर आजारी व वृद्ध रुग्णांची सेवा करतात. २००८ मध्ये त्या राज्याने यासाठी स्वतंत्र धोरण केले आणि स्थानिक स्वराज्य संस्थांना त्यात सामील करून घेतले. आपल्याकडेही ग्रामपंचायतीने एक खोली दिली, तर तेथे एअर बेड, चाकाची खुर्ची आणि वॉकर ठेवून गरजेप्रमाणे घरोघरी देता येतील.

प्रश्नकर्ता:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. मंडळाच्या सभेत आता इमारतीऐवजी दोन स्त्रियांचा वर्षभराचा पगार आणि साहित्याची खोली, असा प्रस्ताव मांडतो. परिचारिकाताई, प्रशिक्षणासाठी आमच्या गावी येणे आपल्याला शक्य होईल का?