फोटो एडिट केलेला नाही, तरी 'रचलेला' कसा?

कटिंगचहा:
मास मीडियाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. असाइनमेंटसाठी एक फोटो घेतला, आतेभावाने गेल्या पावसाळ्यात मुंबईत हिंदमाताला मोबाइलवर काढलेला, गुडघाभर पाण्यातून शाळेची दोन पोरं डोक्यावर दप्तर धरून हसत चाललीयत. मॅडमचा शेरा आला, "वर्णन छान, पण फोटो रचलेला आहे हे कुठे दाखवलंस?" आता यात रचलंय काय? ना फिल्टर ना फोटोशॉप, पोरांना हसा पण कोणी सांगितलं नव्हतं. सेमिऑटिक्सच्या, म्हणजे चिन्हं आणि त्यांच्या अर्थांच्या शास्त्राच्या, नोट्स वाचल्या, सगळं डोक्यावरून गेलं. कोणी साध्या मराठीत सांगा ना, सोमवारी द्यायचंय.

जुना_निगेटिव्ह:
रचलेला म्हणजे खोटा, हे आधी डोक्यातून काढ. पेपरच्या फोटो डिपार्टमेंटला बरीच वर्षं काढलीयत. पाऊस लागला की हिंदमाता, मिलन सबवे, किंग्ज सर्कल हे आमचे ठरलेले स्पॉट. तिथे जाऊन खाली बसायचं आणि कॅमेरा जवळजवळ पाण्याला टेकवायचा, घोटाभर पाणीसुद्धा समुद्र वाटतं, आणि तेच वर फ्लायओव्हरवरून काढलंस तर डबकं. पाणी तेवढंच हां! मग कुठे उभं राहायचं, कुठल्या क्षणाला क्लिक करायचं, कडेचं काय कापायचं, वीस फोटोंतला कुठला द्यायचा, हे सगळं कोणीतरी ठरवतं ना, तीच रचना. आणि वर कॅप्शन. तुझ्या फोटोखाली 'मुंबईची तुंबई' लिही आणि मग 'मुंबई थांबत नाही' लिहून बघ. पहिल्यात वाचणारा चिडतो, दुसऱ्यात कौतुक करतो. रोलां बार्थ हा फ्रेंच विचारवंत म्हणतो ते हेच, चित्राचे अर्थ तरंगत असतात, मजकूर त्यांना नांगर टाकतो.

पोटापुरतं_संस्कृत:
सिग्निफायर वगैरे अवघड शब्द राहू दे बाजूला, अकरावी-बारावीत अभिधा (शब्दाचा सरळ अर्थ), लक्षणा (सरळ अर्थ जुळत नाही तेव्हा घ्यायचा जवळचा अर्थ), व्यंजना (सुचवलेला अर्थ) केलं असशील तर अर्धं काम झालंय. 'गंगेवर गवळीवाडा' हे घासून गुळगुळीत झालेलं उदाहरण आठव, प्रवाहावर वाडा कसा असेल, म्हणून लक्षणेने काठ घ्यायचा, आणि गारवा, पावित्र्य जाणवतं ती व्यंजना. अगदी जसंच्या तसं बसत नाही, पण बार्थचं डिनोटेशन म्हणजे ढोबळमानाने अभिधा आणि कनोटेशन व्यंजनेच्या जवळपास. त्याने १९६४ च्या लेखात पास्त्याची एक जाहिरात सोडवलीय, जाळीच्या पिशवीतून टोमॅटो, मिरची, पाकिटं बाहेर आलेली. पिशवी उघडी म्हणजे आत्ताच बाजारातून आलेलं ताजं सामान, लाल-हिरवा-पिवळा रंग म्हणजे इटली. कंपनी मात्र फ्रान्सची! हा 'इटालियनपणा' फ्रेंच माणसाच्या डोक्यातला, खुद्द इटलीवाल्याला तो तसा वाटेलच असं नाही.

आता तुझा फोटो. पोरं, दप्तर, पाणी हे झालं वाच्य, म्हणजे सरळ दिसणारं. 'मुंबईचं स्पिरिट' हे फोटोत कुठेच नाहीये, ते आपण घरून आणतो. एक ट्रिक कर, पोरांच्या जागी भाजीची पाटी घेतलेली म्हातारी ठेवून बघ. पाणी तेच, पण स्पिरिट गायब. म्हणजे तो अर्थ आपण पोरांच्या हसण्याला चिकटवला होता.

खडूस_काका:
सगळंच रचलेलं तर मग फोटोला पुरावा कशाला म्हणायचं? उगाच शब्दांचे खेळ.

जुना_निगेटिव्ह:
काका, दोन्ही खरं आहे. पर्स नावाचा अमेरिकन तत्त्वज्ञ होता, त्याच्या भाषेत फोटो हा इंडेक्स, म्हणजे धूर दिसला तर आग आहे तसं, समोर काहीतरी होतं म्हणून प्रकाश आला. पण काय होतं आणि कसं मांडलं हे वेगळं. १८५५ मध्ये क्रिमियाच्या युद्धात रॉजर फेंटनने एकाच दरीचे एकाच जागेवरून दोन फोटो काढले, एकात तोफगोळे रस्त्याच्या कडेला, दुसऱ्यात रस्ताभर पसरलेले. गोळे खरे, युद्ध खरं, तरी लोक अजून भांडतात की आधीचा कुठला आणि गोळे हलवले कोणी.

खडूस_काका:
हे माहीत नव्हतं. बरं.

कटिंगचहा:
थँक्यू सगळ्यांना!! म्हातारीची ट्रिक लिहिणारच आहे. रात्री आतेभावाकडून ओरिजिनल मागवला, त्याने डावीकडचं कापलं होतं. तिथे पालिकेचा एक माणूस छातीला काठी लावून उघड्या मॅनहोलपाशी उभा आहे, काठीला लाल फडकं, आणि पोरं त्याच्याकडेच बघून हसतायत. मी विचारलं का रे कापलास, तर म्हणे, "तो मध्येच येत होता."