मदत हवी आहे: खाडीसाठी प्लायवूडची छोटी हाऊसबोट

मंडळी, आमच्या परसामागेच दाभोळची खाडी आहे. दोन माणसं झोपतील एवढी, सपाट तळाची, २० बाय ८ फुटांची हाऊसबोट अंगणातच बांधायला काढतोय. प्लाय आयएस ७१० (मरीन प्लायचं भारतीय मानक) चा मरीनच घेणार. दुकानदार आयएस ३०३ चा साधा प्लाय गळ्यात मारू बघतोय, पण ते खाऱ्या पाण्याचं काम नव्हे.

घोडं अडलंय तळाशी. ओहोटीला बोट चिखलात बसणार आणि आमच्या काठाला कालवं आहेत, त्यांची धार ब्लेडसारखी. तळाला बाहेरून रेझिनने चिकटवलेलं फायबरचं (काचतंतूंचं) कापड एकदा चिरलं की पाणी आत, मग लाकूड पोखरणारे किडे आलेच. तर तळाला १२ मिमीचा एकच थर लावू, की ९ चे दोन चिकटवून घेऊ? खालून सागाच्या पट्ट्या ठोकल्या तर?

हे कापड चिकटवायला आमचे सुतार पॉलिस्टर रेझिन म्हणतात. स्वस्त पडतं खरं, पण लाकडाला ते इपॉक्सी रेझिनइतकं धरत नाही. पावसाळ्याच्या दमट हवेत इपॉक्सी कुणी मारलंय का? की सरळ दिवाळीनंतरच हात घालू?

महाराष्ट्र मेरिटाइम बोर्डाकडे घरी बांधलेल्या बोटीची नोंदणी कुणी केली असेल तर तेही सांगा. बायकोचा प्रश्न वेगळाच आहे: संडासाचं काय?