आईला रोज बायबल वाचून दाखवते, लेवीयमध्ये अडकलोय

नगरची लेक:
सर्वांना सलाम. आई ८१ वर्षांची आहे. काचबिंदूनं नजर गेल्यापासून रोज रात्री जेवणं उरकली की मी तिला वाचून दाखवते. उत्पत्ती, निर्गम झालं; आता लेवीय या तिसऱ्या पुस्तकातल्या होमार्पणांशी, म्हणजे वेदीवर जाळायच्या अर्पणांच्या नियमांशी, गाडी अडलीय. दुसऱ्या-तिसऱ्या वचनाला तिचा डोळा लागतो. पुढचं घेऊ का विचारलं तर म्हणते, "मधलं गाळू नये बाई, वचन आहे ते." आजीचं पंडिता रमाबाईंचं बायबलही घरात आहे, शिवण सुटलेलं. कोणतं वाचू आणि कुठून?

केडगावचा पाहुणा:
ताई, आजीचं ते बायबल आधी जपून ठेवा. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि दौंडजवळच्या केडगावात, मुक्ती मिशनमध्ये बसून एकटीनं सगळं मराठीत आणलं. खिळे जुळवायला, छापायला मिशनमधल्याच बाया. कलकत्त्याच्या शास्त्र्यांनी जिला १८७८ साली 'पंडिता' म्हटलं, तिनं संस्कृत शब्द मुद्दाम बाजूला ठेवले, खेड्यातल्या बाईला कळावं म्हणून. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या, तोवर काम पुरं झालं होतं. मला त्याचं फार वाटतं. पण रोजच्या वाचनाला आईच्या कानाला सवयीचं असलेलं 'पवित्र शास्त्र', म्हणजे नेहमीचं मराठी बायबलच घ्या.

पाळकीणबाई:
लेवीय गाळू नका, मागे ठेवा. इब्री लोकांस पत्राच्या ९ व्या अध्यायात प्रायश्चित्ताच्या दिवसाचा विषय निघतो, तेव्हा लेवीय १६ उघडा. तिथे ते आपोआप उलगडतं. आईंना हेच सांगा, त्या मानतील. आता रूथ घ्या. चारच अध्याय आहेत, रोज एक. सावकाश वाचा.

नगरची लेक:
'मागे ठेवलंय' म्हटल्यावर आई लगेच तयार झाली. काल रूथचा दुसरा अध्याय काढला. रूथ सरवा वेचायला निघते तिथे आईनं माझा हात धरला. "थांब, परत वाच." लहानपणी ती आजीबरोबर दुसऱ्यांच्या रानात ज्वारीचा सरवा वेचायला जायची म्हणे, कापणी करणाऱ्यांच्या मागून, ओच्यात कणसं धरून. इतक्या वर्षांत मला हे कधी सांगितलं नव्हतं. अध्याय तसाच राहिला, तासभर ती बोलत होती. शेताचा मालक बवाज कापणाऱ्यांना मुद्दाम पेंढ्यांतून काही टाकायला सांगतो, ते आज वाचणार आहे.