एकाच चित्रपटाच्या दोन डीव्हीडी, लांबीत पाच मिनिटांचा फरक: ही सेन्सॉरची कात्री समजावी का?

प्रश्न

माझ्याकडे एकाच चित्रपटाच्या दोन डीव्हीडी आहेत, एक अमेरिकी (रीजन १) आणि दुसरी ब्रिटिश (रीजन २); रीजन म्हणजे डिस्क कोणत्या प्रदेशातील प्लेअरसाठी आहे याचा क्रमांक. घड्याळ लावून मोजल्यावर अमेरिकी डिस्क २ तास ५ सेकंद चालली, तर ब्रिटिश डिस्क १ तास ५५ मिनिटे १० सेकंदांत संपली. अमेरिकी डिस्कवर दिग्दर्शकाची कॉमेंट्री, वगळलेले प्रसंग आणि निर्मितीविषयीचा माहितीपट आहे. ब्रिटिश डिस्कवर ट्रेलरखेरीज काहीच नाही. ब्रिटिश प्रतीला कात्री लागली आहे, असे मानावे का?

प्रतिसाद १

केवळ या आकड्यांवरून तसे मानता येणार नाही. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींच्या (फ्रेमच्या) गतीने चित्रित होतो, पण ब्रिटनसह युरोपात वापरल्या जाणाऱ्या ‘पाल’ या व्हिडिओ पद्धतीत तो बहुधा २५ चौकटींच्या गतीने चालवला जातो. त्यामुळे तो सुमारे चार टक्के लवकर संपतो आणि आवाजही किंचित चढा लागतो. ब्रिटिश डिस्कच्या वेळेला २५ ने गुणून २४ ने भागले, तर १ तास ५९ मिनिटे ५८ सेकंद येतात. उरलेल्या सात सेकंदांचाही उलगडा होतो, कारण एनटीएससी (अमेरिकेतील व्हिडिओ पद्धत) डिस्कवर गती नेमकी २४ नसून २३.९७६ असते. थोडक्यात, तुमची पाच मिनिटे कोणी कापलेली नाहीत.

प्रतिसाद २

वरील गणित बरोबर आहे, तथापि लांबी जुळली म्हणजे प्रत अखंड आहे, असेही नव्हे. स्टॅन्ली क्युब्रिकच्या ‘आइज वाइड शट’ला १९९९ साली अमेरिकेत ‘आर’ दर्जा (१७ वर्षांखालील प्रेक्षकांना पालकांसोबतच प्रवेश) मिळावा म्हणून एका प्रसंगात संगणकाने रचलेल्या आकृत्या मध्ये उभ्या करून दृश्ये झाकण्यात आली, आणि तिथल्या पहिल्या डीव्हीडीवरही तीच प्रत आली. युरोपात मात्र तो प्रसंग उघडाच दिसला. एक सेकंदही न कापता केलेली ही सेन्सॉरशिप घड्याळाला कशी सापडणार? अमेरिकी प्रत नेहमी मोकळी आणि ब्रिटिश प्रत नेहमी कापलेली, हा आपल्याकडचा समज म्हणूनच मला पटत नाही.

ब्रिटनचे कायदे अर्थातच कडक आहेत. १९८४ च्या व्हिडिओ रेकॉर्डिंग्ज अ‍ॅक्टनुसार घरी पाहण्यासाठी विकल्या जाणाऱ्या व्हिडिओला वयोगटानुसार स्वतंत्र दर्जा घ्यावा लागतो, आणि चित्रीकरणात प्राण्यांना क्रूरपणे वागवलेले असेल, तर १९३७ च्या कायद्याच्या आधारे ती दृश्ये कापली जातात. घोड्यांना तारेने अडवून पाडण्याचे प्रसंग असलेल्या जुन्या चित्रपटांना याचा फटका बसला आहे. तेथे चित्रपटांना दर्जा देणारे बीबीएफसी हे मंडळ कोणत्या चित्रपटातून काय कापले, याची नोंद स्वतःच्या संकेतस्थळावर देते; ती एकदा पाहून घ्यावी.

प्रतिसाद ३

पूरक साहित्य गायब होण्यामागे बहुधा सेन्सॉर नसतो. चित्रपटाचे वितरणहक्क देशागणिक वेगळ्या कंपन्यांकडे असतात, आणि एका कंपनीने स्वखर्चाने ध्वनिमुद्रित केलेली कॉमेंट्री दुसरीला आपोआप मिळत नाही. शिवाय बीबीएफसीचे शुल्क लांबीनुसार आकारले जाते, त्यामुळे तासाभराचा माहितीपट जोडला की वितरकाचा खर्च वाढतो.

पुढे ब्ल्यू-रे घेणार असाल, तर एक अडचण ध्यानात ठेवावी. तिथे चित्रपट सहसा २४ चौकटींच्याच गतीने असतो, पण युरोपीय डिस्कवरील जुने पूरक साहित्य अनेकदा ५० हर्ट्झच्या (पालशी जुळणाऱ्या गतीच्या) स्वरूपात असते आणि ते अमेरिकी बाजारासाठी बनलेल्या बऱ्याच प्लेअरवर चालत नाही. वेष्टनावर ‘सर्व रीजनसाठी’ असे छापलेले असूनही मुख्य चित्रपट दिसतो आणि माहितीपट लावला की पडदा काळा होतो, हा अनुभव मी घेतला आहे. फोर-के यूएचडी (ब्ल्यू-रेहून अधिक स्पष्ट चित्राच्या) डिस्कना रीजन कोडच नसतो, मात्र सोबत दिलेल्या ब्ल्यू-रेला तो असू शकतो.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. बीबीएफसीच्या नोंदीत या चित्रपटाला एकही काट नाही. दोन्ही डिस्क प्रसंगागणिक शेजारी लावून पाहिल्या, तेव्हा दृश्यांत फरक आढळला नाही. नायिकेचा आवाज मात्र ब्रिटिश प्रतीत खरोखरच चढा आहे, आणि आता तो मला पदोपदी खटकतो. त्यामुळे अमेरिकी डिस्कच ठेवत आहे.