नोड १४, १८ आणि २२ एकाच लॅपटॉपवर, कोण काय वापरतं?

सराफा_रात्री_अकरा
मंडळी, मदत पाहिजे. ऑफिसचं बिलिंगचं जुनं प्रोजेक्ट नोडच्या (जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम) व्हर्जन १४ वर आहे, बिल्ड करायला वेबपॅक ४, त्याला हात लावायची कोणाची हिंमत नाही. नवीन काम २२ वर, आणि मधे एक क्लायंट १८ वाला. उबुंटू २४.०४ आहे. आधी एनव्हीएम (नोडची व्हर्जन्स बदलून देणारं टूल) टाकलं होतं, मग काहीतरी अडलं म्हणून उबुंटूच्या एपीटीने नोड टाकलं, मग कोणीतरी म्हणालं उबुंटूचंच दुसरं इन्स्टॉलर स्नॅप बरं म्हणून ते पण, आता मलाच माहीत नाही कोणतं नोड चालून राहिलं आहे. काल बिलिंगचं बिल्ड मारलं तर 'डिजिटल एन्व्हलप रूटीन्स अनसपोर्टेड' असं लाल लाल आलं. सगळं उडवून एनपीएम इन्स्टॉल परत केलं, दोन तास गेले, तेच. शुक्रवारी रिलीज आहे. व्हर्जन सांभाळायला एनव्हीएम, एफएनएम, एएसडीएफ, मीज, कोण काय वापरतं, कारणासकट सांगा.

जिरावण_जास्त
भिया, हा एरर म्हणजे तुझं बिल्ड १४ वर चाललंच नाही. नोड १७ पासून आतली एन्क्रिप्शनची लायब्ररी ओपनएसएसएल ३ झाली आणि वेबपॅक ४ हॅश (फाइलीची ओळख सांगणारा कोड) काढायला एमडी४ ही जुनी पद्धत वापरतं, ती ओपनएसएसएल ३ मधे बाय डिफॉल्ट बंद. नेटवर सगळे सांगतील नोड ऑप्शन्समधे लेगसी प्रोव्हायडर टाक, चालेल पण, पण ते शेलच्या (टर्मिनलमधे कमांड चालवणारा प्रोग्रॅम) फाइलीत कायमचं टाकलंस तर उद्या १४ सुरूच होणार नाही, त्याला तो फ्लॅग माहीतच नाही. आधी 'टाइप -ए नोड' मार आणि काय येतं ते इथे टाक.

सराफा_रात्री_अकरा
/यूएसआर/बिन/नोड
/बिन/नोड
/स्नॅप/बिन/नोड
एनव्हीएमवालं नाहीच! आणि 'एनव्हीएम यूज १४' ला कमांड नॉट फाउंड. फोल्डर तर होममधे पडलेलं आहे.

जिरावण_जास्त
शेल कोणतं?

सराफा_रात्री_अकरा
झेडएसएच. अरे हो, एनव्हीएम टाकलं तेव्हा बॅश होतं 🤦

टर्मिनलवाली_मावशी
सापडलं मग. एनव्हीएम म्हणजे वेगळा प्रोग्रॅम नाही, शेलमधे लोड होणारं फंक्शन आहे, त्याच्या ओळी तुझ्या बॅशआरसीत, म्हणजे बॅश सुरू होताना वाचतं त्या फाइलीत, बसल्यात आणि झेडएसएच ती फाइल वाचत नाही. शेल पाथ म्हणजे फोल्डरांची यादी डावीकडून बघत जातं, पहिलं नोड दिसलं की तेच उचलतं, म्हणून तुला एपीटीचं १८ मिळतंय.

टूल कोणतं यावर नंतर भांडा. आधी एपीटीचं आणि स्नॅपचं नोड काढ. इंदूरमधे राहतोस ना, घरी सहा प्रकारचा कचरा वेगळा करून गाडीत टाकतो आपण आणि लॅपटॉपवर तीन नोड एका डब्यात! मग प्रत्येक प्रोजेक्टच्या फोल्डरमधे डॉट एनव्हीएमआरसी फाइल बनव, आत फक्त त्या प्रोजेक्टचा आकडा, बिलिंगला १४, आणि गिटमधे कमिट कर. आकडा प्रोजेक्टबरोबर फिरला पाहिजे, तुझ्या डोक्यात नाही, नाहीतर नवीन पोरगा आला की परत हेच.

एक जपून, माझंच झालेलं सांगते. मी सिस्टमचं नोड काढलं आणि रात्रीचा रिपोर्ट क्रॉनवर (ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणारा प्रोग्रॅम) होता. क्रॉन कुठलं बॅशआरसी वाचतो, त्याला नोड सापडेना, गुपचूप बंद. तीन दिवसांनी अकाउंट्सवाले विचारायला आले तेव्हा कळलं. क्रॉनमधे नोडचा पूर्ण पाथ लिही. सुडोची (अ‍ॅडमिन म्हणून कमांड चालवतो तो) पण हीच गत.

पलासिया_चौक
मी एफएनएम. एनव्हीएमने टर्मिनल उघडायला वेळ लागायचा, हे रस्ट भाषेत लिहिलेलं आहे, पटकन उघडतं, डॉट एनव्हीएमआरसी तीच वाचतं, आणि यूज-ऑन-सीडी लावलं की फोल्डरमधे शिरलं की आपोआप व्हर्जन बदलतं. ग्लोबल पॅकेजेस मात्र दर व्हर्जनला वेगळी, ती गेली असं वाटून घाबरू नको.

रामबाग_९
फक्त नोड असेल तर एफएनएम ठीक. माझ्याकडे पायथन, टेराफॉर्म पण आहे म्हणून मीज, आधी आरटीएक्स नाव होतं त्याचं. एएसडीएफची डॉट टूल-व्हर्जन्स फाइल जशीच्या तशी चालली. तीन टूलला तीन मॅनेजर कोण सांभाळणार.

विंडोजवाला_गरीब
विंडोजवर एनव्हीएम-विंडोज आहे, नावात साम्य पण प्रोजेक्ट वेगळं. एका टर्मिनलमधे बदललं की सगळीकडे बदलतं, दोन प्रोजेक्ट एकदम चालवायचे विसरा.

लोकमान्यनगर_काका
१४ चा सपोर्ट एप्रिल २०२३ मधेच संपला आहे हे पण सांगा कोणी त्याला.

सराफा_रात्री_अकरा
माहीत आहे काका, बॉसला सांगून थकलो. ताईंनी सांगितलं तसं दोन्ही नोड काढली, एफएनएम टाकलं, झेडएसएचआरसीत ओळ घातली. आता नोडचं व्हर्जन १४ दाखवतंय, पण बिल्डमधे 'नोड मॉड्यूल व्हर्जन १०८, रिक्वायर्स ८३'. हे काय नवीन?

टर्मिनलवाली_मावशी
१०८ म्हणजे १८ आणि ८३ म्हणजे १४. काल इन्स्टॉल केलंस तेव्हा सी भाषेतली पॅकेजेस १८ साठी बनली. नोड-मॉड्यूल्स फोल्डर उडव, १४ वर असतानाच परत इन्स्टॉल कर.

सराफा_रात्री_अकरा
निघालं ताई, बिल्ड निघालं!! 🙏 आत्ता बिल्ड सर्व्हरवर लॉगिन करून बघितलं. तिथे १६ आहे.