लिनक्स बिघडलं की दुरुस्त करत बसावं, की नव्याने टाकून मोकळं व्हावं?

निवांत_पेंग्विन:
रूट पार्टिशन (डिस्कचा सिस्टिम जिथे असते तो भाग) भरलं, पासवर्ड बरोबर देऊनही लॉगिन स्क्रीन परत तिथेच येते, बूट होताना काळ्या पडद्यावर गाडी अडते. यातलं काहीही झालं की आपण टर्मिनल उघडून बसतो आणि सुट्टीचा दिवस त्यातच जातो. सर्व्हर असेल तर ठीक, तिथे पर्याय नसतो. घरच्या डेस्कटॉपवर मात्र हा निव्वळ हट्ट आहे, असं माझं स्पष्ट मत. होम (आपल्या फाइली आणि सेटिंगचा फोल्डर) वेगळ्या पार्टिशनवर ठेवायचं. बिघडलं की पेनड्राइव्ह लावायचा, फक्त रूट फॉरमॅट करायचं, होमला हात लावायचा नाही. अर्ध्या-पाऊण तासात मशीन नवं. तेवढ्या वेळात लॉग (सिस्टिमच्या नोंदी) वाचूनही होत नाहीत. कारण शोधून नेमकं पदरात काय पडतं, ते कोणीतरी सांगा.

खटपट्या:
बिघाड परत येत नाही, हे पदरात पडतं.

तुमचंच लॉगिनचं उदाहरण घ्या. पासवर्ड मान्य होतो, क्षणभर पडदा काळा होतो आणि पुन्हा लॉगिन स्क्रीन. अशा वेळी बरेचदा होममध्ये जागाच उरलेली नसते. डेस्कटॉप सुरू होताना बारीकसारीक फाइली लिहितो, त्या लिहिता आल्या नाहीत की सेशन कोसळतं. नाहीतर होममधल्याच .एक्सऑथॉरिटी या सेशनला लागणाऱ्या फाइलची मालकी 'रूट' नावाच्या प्रशासक खात्याकडे गेलेली असते. आता तुम्ही रूट नवं टाकलंत आणि होम जसंच्या तसं ठेवलंत. पहिल्याच लॉगिनला तोच तमाशा!

त्यापेक्षा कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबा, नुसत्या अक्षरांचं लॉगिन येईल, नाव-पासवर्ड द्या, 'डीएफ -एच' मारा, कुठे किती जागा गेली ते दिसेल. होमपुढे १०० टक्के दिसलं तर डाउनलोडमधली एखादी जुनी आयएसओ (इन्स्टॉलरची मोठी फाइल) उडवा आणि मशीन रीस्टार्ट करा. पेनड्राइव्ह सापडायला याहून जास्त वेळ लागतो.

निवांत_पेंग्विन:
होमचं मान्य, मी रूटबद्दल बोलतोय. जुने कर्नल (सिस्टिमचा गाभा), पॅकेजांची कॅश (डाउनलोड होऊन साठलेल्या फाइली), स्नॅपने टाकलेल्या प्रोग्रामच्या मागच्या आवृत्त्या, फ्लॅटपॅकच्या प्रोग्रामांचे बेवारस रनटाइम, जर्नल म्हणजे सिस्टिमचा लॉग. हा पसारा एकेक करून कोण उपसणार?

रात्रपाळी:
उपसायला काय लागतं? 'एपीटी क्लीन', 'एपीटी ऑटोरिमूव्ह', 'फ्लॅटपॅक अनइन्स्टॉल --अनयूज्ड', 'जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइज=२००एम'. चार ओळी. जर्नलला उगाच बदनाम केलंय लोकांनी. ते मूळ सेटिंगमध्ये फाइल सिस्टिमच्या (पार्टिशनवर फाइली मांडणारी व्यवस्था) १० टक्क्यांवर किंवा ४ जीबीवर, जे आधी येईल तिथे, स्वतःच थांबतं.

खरी गंमत हे सगळं करूनही जागा सापडत नाही तेव्हा असते. 'डीएफ' म्हणतं डिस्क भरली, 'डीयू' सगळे फोल्डर मोजून म्हणतं निम्मीच वापरात आहे. खोटं कोणीच बोलत नसतं. 'डीएफ' फाइल सिस्टिमला विचारतं की किती ब्लॉक (डिस्कवरच्या जागेचे तुकडे) गेले. 'डीयू' फोल्डर फिरून दिसतील त्या फाइली मोजतं. मधला फरक म्हणजे न दिसणाऱ्या फाइली. एखादा प्रोग्राम लॉग लिहीत सुटलाय, तुम्ही ती भली मोठी फाइल डिलीट केलीत. यादीतून नाव गेलं, पण प्रोग्रामने फाइल उघडी धरून ठेवलीय तोवर एकही ब्लॉक सुटत नाही. 'सुडो एलएसओएफ +एल१' (सुडो म्हणजे प्रशासकाच्या हक्काने) मारलं की अशा फाइली समोर येतात, शेजारी प्रोग्रामचं नाव आणि धरून ठेवलेला आकार.

निवांत_पेंग्विन:
म्हणजे मशीन रीस्टार्ट केलं तरी काम झालं. एवढा अभ्यास कशासाठी?

रात्रपाळी:
त्या दिवसापुरतं झालं. लॉग लिहीत सुटलेला प्रोग्राम रीस्टार्टनंतर पुन्हा सुटतो, कारण तो का ओरडतोय हे आपण वाचलंच नाही.

आणि रीस्टार्टने न सुटणारा प्रकारही आहे. बाहेरची बॅकअप डिस्क '/एमएनटी/बॅकअप' या फोल्डरवर माउंट होते, म्हणजे तिथून उघडते, असं धरा. एके रात्री ती जोडलेलीच नव्हती. बॅकअप घेणाऱ्या स्क्रिप्टला त्याचं काय! फोल्डर होता, त्यात तिने ८० जीबी ओतले, म्हणजे थेट रूटवर. सकाळी डिस्क जोडली, ती त्याच फोल्डरवर माउंट झाली आणि खालचे ८० जीबी झाकले गेले. आता कुठलाही फाइल मॅनेजर उघडा, दिसणार नाहीत. 'सुडो माउंट --बाइंड' करून रूट दुसऱ्या रिकाम्या फोल्डरवर जोडायचं आणि तिथून पाहायचं, मग उघडं पडतं. फॉरमॅट केलंत तर हेही पुसलं जाईल, खरंय. पण स्क्रिप्ट तुमच्या होममध्ये सुखरूप आहे, पुढच्या वेळी डिस्क नसेल तेव्हा तेच करेल. लिहिण्याआधी 'माउंटपॉइंट -क्यू' ने तपासणारी एक ओळ तिच्यात घातली की विषय संपतो.

स्नॅपशॉटवाला:
दोन्ही बाजू जुन्या जमान्यात अडकल्यात असं वाटतं. बीटीआरएफएस ही फाइल सिस्टिम घ्या, ती स्नॅपशॉट म्हणजे त्या क्षणाची स्थिती जपून ठेवू शकते. फेडोरा वर्कस्टेशन या लिनक्सने २०२० मध्ये ३३ व्या आवृत्तीपासून तेच मूळ सेटिंग ठेवलंय, ओपनसूसाने त्याच्याही आधी. अपडेटने वाट लावली तर आदल्या स्नॅपशॉटवर परत जा. ना शोधाशोध, ना फॉरमॅट.

खटपट्या:
अपडेटने बिघडलं असेल तर बीटीआरएफएसला तोड नाही, यात वाद नाही. पण विषय जागेचा निघालाय, आणि तिथे स्नॅपशॉटच आधी अंगाशी येतात. २० जीबीचा फोल्डर उडवला तरी जागा तेवढीच, कारण जुन्या स्नॅपशॉटने ते ब्लॉक धरलेले असतात. वर 'डीएफ' मध्ये जागा शिल्लक दिसत असताना 'डिस्क भरली' असा एररही येऊ शकतो, कारण डेटा आणि मेटाडेटाचे (फाइलींबद्दलच्या नोंदी) वाटे वेगळे असतात आणि मेटाडेटाचा संपलेला असतो. तिथे 'बीटीआरएफएस फाइलसिस्टिम यूसेज' बघावं लागतं. म्हणजे शोधाशोध टळली नाही, फक्त कमांड बदलली. शिवाय स्नॅपशॉट त्याच डिस्कवर असतो. डिस्क गेली की तोही गेला, त्याला बॅकअप म्हणू नका.

सोल्डर:
मी हार्डवेअरकडून आलोय, मला तर मूळ सल्लाच धोक्याचा वाटतो. काम चालू असताना अचानक कुठलीच फाइल सेव्ह होईना, 'रीड-ओन्ली फाइल सिस्टिम' असा संदेश, हा प्रकार घ्या. बऱ्याच ठिकाणी ईएक्सटी४ या फाइल सिस्टिमचं रूट 'एरर्स=रीमाउंट-आरओ' लावून माउंट केलेलं असतं, म्हणजे गडबड दिसली की कर्नल लिहिणं बंद करतो. तो तुम्हाला वाचवतोय. आणि तुम्ही काय करणार? त्याच डिस्कवर नवी सिस्टिम लिहिणार!

आधी 'सुडो डीमेसेज' ने दिसणाऱ्या कर्नलच्या संदेशांच्या शेवटच्या ओळी वाचा. 'आय/ओ एरर' (वाचण्या-लिहिण्यातली चूक) दिसतोय का? मग 'सुडो स्मार्टसीटीएल -ए' आणि डिस्कचं नाव, म्हणजे 'स्मार्ट' हा डिस्कच्या तब्येतीचा अहवाल येईल. साटा हार्डडिस्क असेल तर 'करंट पेंडिंग सेक्टर' शून्याच्या वर आहे का बघा. असेल तर डिस्कला काही जागा वाचता येत नाहीयेत. 'यूडीएमए सीआरसी एरर' चा आकडा वाढत असेल तर डिस्क बहुधा ठीक आहे, आधी केबल बदलून पाहा. नव्याने टाकणाऱ्याला हा फरक कळणारच नाही. केबलचा दोष असला तर तो सिस्टिम टाकत राहील आणि ती बिघडत राहील.

पेंडिंग सेक्टर दिसले तर 'एफएसचेक' (फाइल सिस्टिम दुरुस्त करणारी fsck कमांड) सुद्धा आधी नको. दुसऱ्या डिस्कवर 'डीडीरेस्क्यू' ने पूर्ण नक्कल काढा, दुरुस्ती नकलेवर करा. आणि माउंट असलेल्या पार्टिशनवर 'एफएसचेक' कधीही नाही. वेगळं होम पार्टिशन म्हणजे वेगळी डिस्क नव्हे, हे तर सांगायलाच नको.

निवांत_पेंग्विन:
सोल्डर यांचा मुद्दा वजनदार आहे. तर माझ्या कृतीत एक पायरी वाढवतो: आधी डीमेसेज आणि स्मार्ट बघा, डिस्क ठणठणीत असेल तरच पेनड्राइव्ह लावा. बाकी मत तेच. बाइंड माउंट सामान्य वापरणाऱ्याने करावं ही अपेक्षा मला अजूनही अवास्तव वाटते.

खटपट्या:
सामान्य वापरणाऱ्याने पार्टिशनच्या यादीत रूट आणि होम न चुकता ओळखून त्यातलं एकच फॉरमॅट करावं, ही अपेक्षा वास्तव आहे होय?

कोरी_पाटी:
वाचतोय, पण माझी अडचण यात कुठे बसते कळेना. एकाच डिस्कवर डेबियन आणि मिंट अशी दोन लिनक्स आहेत. मिंट बिघडलं म्हणून धागाकर्त्यांसारखंच नव्याने टाकलं. मिंट छान चालतंय, पण आता डेबियन बूट होताना 'अ स्टार्ट जॉब इज रनिंग' वर दीड मिनिट थांबतं. डेबियनला तर मी हातही लावला नव्हता.

रात्रपाळी:
स्वॅप पार्टिशन (मेमरी कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) दोघांत एकच असणार. मिंटच्या इन्स्टॉलरने ते पुन्हा फॉरमॅट केलं, त्याचा यूयूआयडी (पार्टिशनचा ओळख क्रमांक) बदलला, आणि डेबियनच्या एफएसटॅबमध्ये (बूटच्या वेळी काय माउंट करायचं त्याची यादी) जुनाच राहिला. बूटची कामं चालवणारं सिस्टिमडी त्या नसलेल्या पार्टिशनची ९० सेकंद वाट बघतं. 'सुडो बीएलकेआयडी' मारून नवा यूयूआयडी घ्या आणि डेबियनच्या '/ईटीसी/एफएसटॅब' मधल्या स्वॅपच्या ओळीत टाका. एफएसटॅबची प्रत आधी काढून ठेवा.

(निवांतराव, या दुखण्याचं औषध पुन्हा एकदा नव्याने टाकणं असेल तर यांचं मिंट अडकेल.)

निवांत_पेंग्विन:
टोमणा पोचला. दोन सिस्टिम असतील तर इन्स्टॉलरमध्ये स्वॅप फॉरमॅट न करता निवडता येतं, किंवा प्रत्येकीला आपापली स्वॅप फाइल द्यावी. चूक पद्धतीची नाही, घाईची आहे.

कोरी_पाटी:
यूयूआयडी बदलला, दीड मिनिट गेलं. पण अगदी सुरुवातीला अजून थोडा वेळ थांबतं, 'सस्पेंड/रिझ्यूम डिव्हाइस' असं काहीतरी येतं.

रात्रपाळी:
जुना यूयूआयडी आणखी एका जागी आहे. '/ईटीसी/इनिटरॅमएफएस-टूल्स/कॉन्फ.डी/रिझ्यूम' उघडा, तिथेही नवा टाका, मग 'सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -यू', म्हणजे बूटच्या सुरुवातीला लागणारी फाइल नव्याने बनेल. हे डेबियनमध्ये बूट करूनच करा, मिंटमधून नको.